गॅलरीत उभी राहिलेली रोड सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

मुलुंड_पूर्व
मंडळी, गणपती झाले, पाऊस ओसरतोय, रस्ते हळूहळू कोरडे होतायत. सात वर्षं गॅलरीत भिंतीला टेकून असलेली रोड सायकल पुन्हा काढायची आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, गिअर शिमानो १०५च्या ५८०० मालिकेचे, पुढच्या चकत्यांना ५०/३४ दात, मागच्यांना ११ ते २८, रिम ब्रेक, ७००×२३चे (२३ मिमी रुंद) टायर. चालवणाऱ्याचं वय ४८, वजन ८२ किलो, बीपीची रोज एक गोळी. जानेवारीअखेरीस २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची इच्छा आहे.

तीन प्रश्न. हीच सायकल दुरुस्त करावी की नवी घ्यावी? आठवड्याला किती चालवावी? मुलुंडहून सुरुवातीला जावं कुठे? माझ्या मते सायकल ठणठणीत आहे, हवा भरून चेनला तेल घातलं की निघता येईल. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

उरण_फाटा
स्पष्टच सांगतो, हवा भरून तेल घालून निघू नका. सायकल उभी असली तरी मुंबईची हवा तिला खात असते. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात वर्षांचा टायर बदलायचा. हवा नसताना एकाच जागी वजन आलं की तिथे रबर मोडतं आणि आतले धागे सुटतात. हवा भरून चाक फिरवा. एखाद्या ठिकाणी टायर डोलला किंवा फुगवटा दिसला तर धागे गेलेत असं समजा. बाजूच्या भिंतीवर नखाने दाबून बारीक चिरा शोधा. ट्यूब वॉल्व्हच्या मुळाशी सुटते, तीही नवी घ्या. रिम टेप काढून स्पोकच्या भोकांवर नीट सरळ नवी लावा. ती सरकली की पंक्चर आतल्या बाजूने होतं आणि माणूस रस्त्यावर काच शोधत बसतो.

दुसरी गोष्ट बार टेप, म्हणजे हँडलबारवर गुंडाळलेली पट्टी. ती आजच उलगडा. घामातलं मीठ टेपखाली साठतं आणि अ‍ॅल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. वरवरची पांढरी पूड पुसली जाते, तिची काळजी नाही. पूड पुसल्यावर नख अडकेल असे खड्डे दिसले, विशेषतः ब्रेक लिव्हरच्या क्लँपखाली किंवा स्टेमजवळ (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), तर हँडलबार टाकून द्या. हँडलबार मोडताना आधी इशारा देत नाही.

तिसरी सीटपोस्ट, म्हणजे सॅडलखालची दांडी. क्लँप सैल करून ती फिरते का बघा. पोस्ट कार्बनची असेल आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, तर ओलाव्यात दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. फिरली तर बाहेर काढा, नळी आतून पुसा. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट असेल तर ग्रीस आणि कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट लावून परत बसवा. नाही फिरली तर पान्ह्याने पिळू नका, दुकानात न्या.

दादर_पश्चिम
वाखुसा (वाचनखूण साठवली). बार टेपचा मुद्दा बहुतेक जण विसरतात.

पान्हा_नंबर_१५
उरण_फाटांना अनुमोदन. मी गिअर, ब्रेक आणि चेनचं लिहितो.

इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या सायकलवर हमखास दिसणारा दोष म्हणजे गिअरची लिव्हर हलते पण पकडत नाही. आतलं ग्रीस घट्ट होऊन चिकटपट्टीसारखं झालेलं असतं आणि छोटे खटके वर येत नाहीत. दुकानात लगेच 'शिफ्टर गेला, नवा घ्या' असं सांगतात. घाई करू नका. रबराचं हूड मागे सरकवा, लिव्हर आत दाबून धरा आणि उघड्या पडलेल्या यंत्रणेत नळीने पातळ क्लीनरचा फवारा मारा. मग ४०-५० वेळा खटके द्या, खाली कापड धरून घाण वाहू द्या. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक वेळा लिव्हर जिवंत होते. शेवटी पातळ तेलाचे दोन थेंब.

मागच्या फ्रीहबचंही (पेडलचा जोर चाकाला देणारा मागच्या चाकातला भाग) तेच. पेडल मारलं की आवाज न करता पुढे फिरतं, चाकाला जोरच लागत नाही. तिथले पॉल (पकड घेणारे छोटे खटके) ग्रीसमध्ये अडकलेले असतात. फ्रीहब उघडून धुवा आणि हलकं ग्रीस लावा. तिथे बेअरिंगचं जाड ग्रीस भरलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार.

सगळ्या केबल्स आउटरसकट (बाहेरच्या नळीसकट) बदला. इनर, म्हणजे आतली तार, बाहेरून चकचकीत दिसते, आउटरच्या आत गंजलेली असते. दुकानात उभं राहून एक गोष्ट पाहा: ब्रेकला ब्रेकचंच आउटर लागलं पाहिजे, ५ मिमीचं, आत गोल गुंडाळलेली तार असलेलं. गिअरच्या ४ मिमी आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. ते ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर फाटतं, आणि जोरात दाबायची वेळ नेमकी संकटातच येते.

चेन मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य आला तर चेन नवी. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन अर्धा टक्का ताणली आहे, ११ गिअरवाल्याने तिथेच बदलावी. १/८ इंच गेली असेल तर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली समजा. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन जोर लावताच दात सोडते. जुन्या चेनचे कडे अडकत असतील तर मात्र मापही घेऊ नका, सरळ बदला.

ब्रेकची रबरं काचेसारखी गुळगुळीत झाली असतील. थोडी झीज असेल तर सँडपेपरवर घासून घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे रुतलेले कण टाचणीने काढा. सात वर्षांनंतर मी मात्र नवीच लावतो. रिम स्पिरिटने पुसा, आणि रिमवर झिजेची खूण म्हणून बारीक खड्डा असेल तर तो अजून दिसतो का पाहा. दिसेनासा झाला म्हणजे रिम संपली.

खाडीकिनारी
डब्ल्यूडी ४०ने चेन साफ होते ना? घरात पडलेली बाटली वापरायला हरकत काय?

पान्हा_नंबर_१५
साफ करायला, पाणी हाकलायला चालेल. वंगण म्हणून नको. ते पातळ आहे, रोलरच्या आत टिकत नाही, वर असलेलं तेलही धुऊन नेतं. साफ केल्यावर चेन पूर्ण वाळवा, प्रत्येक रोलरवर सायकलच्या तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरचं पुसा. शिवणयंत्राचं तेलही फार पातळ पडतं.

घाट_आणि_घाम
मी वेगळं बोलणार आहे. टायर, ट्यूब, केबल, चेन, ब्रेक रबर, बार टेप, आणि कॅसेट गेली असेल तर तीही. ही यादी करून झाल्यावर जमाखर्च मांडा. आजच्या रोड सायकलींना ३२ मिमीचे टायर बसतात, डिस्क ब्रेक असतात. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या सांध्यांमधल्या फटी आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे. २३ मिमीच्या टायरने इथे चालवणं म्हणजे मनगटांना शिक्षा. नवी घ्या, सुखाने चालवा.

पान्हा_नंबर_१५
टायरचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. डिस्क ब्रेकचीही देखभाल असतेच. शिमानोला मिनरल ऑइल, दुसऱ्या काही कंपन्यांना डॉट फ्लुइड, आणि एकात दुसरं गेलं की आतले सील फुगून खराब होतात. मुलुंड_पूर्व यांना ते सगळं नव्याने शिकायला लागेल. रिम ब्रेकची दुरुस्ती कुठल्याही गावात होते, ब्रेव्हेवर याची किंमत कळते.

निर्णय फ्रेमवर ठेवा. खालची नळी हेडट्यूबला (फोर्कची दांडी जिच्यातून जाते ती पुढची नळी) जिथे मिळते तो जोड, क्रँकजवळचा जोड आणि मागच्या चाकाचा हूक बसतो ती जागा. या तिन्ही ठिकाणी रंगात केसासारखी चीर दिसते का ते बॅटरीच्या प्रकाशात पाहा. फोर्क काढून त्याची दांडी तपासा, विशेषतः स्टेम आवळतो तिथे. चीर नसेल तर दुरुस्त करा. चीर असेल तर घाट_आणि_घाम म्हणतात तसं.

घाट_आणि_घाम
बॅटरीच्या प्रकाशात तपासायचं मान्य. पण २३ मिमी काढाच.

उरण_फाटा
ते शंभर टक्के. २५ घ्या, बसत असेल तर २८. विकत घेण्याआधी ब्रेकच्या कमानीखाली आणि फोर्कच्या आत मोजा. टायर भरल्यावर सगळीकडून निदान ४ मिमी मोकळं राहायला हवं, नाहीतर ओला रेतीचा कण फ्रेम घासत जातो. ८२ किलोला २८ मध्ये मागे ८५, पुढे ८० पीएसआयपासून सुरू करा. २५ असेल तर त्यावर सात-आठ वाढवा. टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल मर्यादा ही 'इतकी भरा' अशी सूचना नसते.

आणखी एक: वॉल्व्ह प्रेस्टाचा (बारीक, लांब प्रकारचा) असणार. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. पितळेचा बोटाच्या पेराएवढा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो एका ट्यूबच्या टोपीखाली कायमचा लावून ठेवा. सोल्यूशनची ट्यूबही तपासा. एकदा उघडलेली असेल तर आत वाळून गेलेली असते आणि हे नेमकं अंधारात कळतं.

गुडघे_वाचवा
सायकलवर चाळीस ओळी झाल्या, स्वाराकडे वळू. बीपीच्या गोळीचा उल्लेख कोणी उचलला नाही, म्हणून आधी तेच.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ही गोळी कुठल्या प्रकारची आहे, आणि व्यायामाआधी ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट हवी का. गोळी बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके औषधानेच दाबलेले असतात. तेव्हा घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर व्यायाम ठरवता येत नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात शरीरातलं पाणी लवकर उतरतं. दोन्ही बाबतीत बोलण्याची कसोटी वापरा. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तो वेग सुरुवातीचे सहा आठवडे पुरे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर उतरायचं आणि मदत मागायची. 'पुढच्या सिग्नलपर्यंत' असं म्हणायचं नाही.

आता खरी अडचण. सुट्टीत सगळ्यात आधी दम जातो, कारण रक्तातलं पाणी पहिल्या काही आठवड्यांतच कमी होतं. परत चालवायला लागलं की दमही सगळ्यात आधी येतो, महिन्याभरात फरक जाणवतो. स्नायू त्याच्या मागोमाग. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र महिनोन्‌महिने घेतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'आता जमतंय' असं वाटतं, माणूस अंतर दुप्पट करतो आणि गुडघा धरून बसतो. दम सांगेल तेवढं चालवायचं नाही, गुडघा सांगेल तेवढं चालवायचं.

सॅडलची उंची जुन्या खुणेवर लावू नका, मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये एक जाड पुस्तक सॅडलसारखं वर दाबून धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर. माप ८० सेमी आलं तर ७०.६ सेमी. सुरुवात त्याहून ४-५ मिमी खाली करा आणि दर आठवड्याला २ मिमी वर न्या. हँडल मात्र खाली असू देऊ नका. फोर्कची दांडी उरली असेल तर स्पेसर स्टेमच्या खाली घ्या.

गुडघा पुढून दुखला तर सॅडल खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखला तर सॅडल वर आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या कडेवर भार येतोय. दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला आणि सॅडलचं नाक खाली झुकलंय का पाहा.

गोरेगाव_लिंक_रोड
पॅडेड शॉर्टबद्दल एक. आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणीने कातडी सोलली जाते. आपल्याकडच्या दमट हवेत पॅड बाहेरून कोरडं लागतं, आत ओलं राहतं. रोज धुवा, उलटं करून पंख्याखाली वाळवा. निदान दोन शॉर्ट हव्यात. ओलं पॅड घातलं तर बुरशी ठरलेली. आणि नवं सॅडल कितीही महागडं असो, बूड पहिले दोन आठवडे बोलतंच. त्यानंतरही बोलत असेल तर सॅडलची रुंदी चुकली आहे.

खाडीकिनारी
बाटलीत काय भरायचं? कोकम सरबत चालेल?

गुडघे_वाचवा
तासाभराच्या आतल्या फेरीला पाणी पुरतं. त्याहून लांब असेल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, थोडं थोडं. कोकम किंवा लिंबू सरबतात मीठ आणि साखर दोन्ही असतील तर उत्तम. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर फार खारट आणि दाट होऊन पोट बिघडतं. बीपीवाल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

येऊरची_पायवाट
मुलुंडकर, रस्त्यांचं मी सांगतो. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या तिन्हींवर सायकलला बंदी आहे, मनातून काढा. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे ऐरोलीचा पूल ओलांडून नवी मुंबई आणि पुढे पाम बीच मार्ग. पहाटे साडेपाचला घरातून निघालं की साडेसातच्या आत परत. चढ फक्त पुलांचे.

घाट_आणि_घाम
पाम बीच नवख्याला सुचवू नका. रस्ता मोकळा म्हणूनच गाड्या बेफाम असतात, आणि पहाटे चालकाच्या डोळ्यांवर झोप असते.

येऊरची_पायवाट
काळजी रास्त आहे. म्हणून दोन अटी घालतो. मागे लाल दिवा लुकलुकता आणि एक स्थिर, दोन्ही उजाडल्यावरही चालू. आणि डावीकडे वळणाऱ्या फाट्यांवर मान वळवून मागे बघितल्याशिवाय सरळ जायचं नाही. पहिले दोन आठवडे तेही नको असेल तर रविवारी पहाटे सायकल गाडीत टाकून नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी फेऱ्या मारा. सपाट, दिवे भरपूर, थांबायला कठडा. चढासाठी नंतर ठाण्याच्या उपवन तलावापासून येऊर. किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, सोमवार सोडून. तिथे उतारावर वेग आवरा, माकडं आणि फिरायला आलेली माणसं दोन्ही मध्येच वळतात.

दादर_पश्चिम
उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं सरळ ओलांडा, त्यावर वळू नका, ब्रेक मारू नका.

ब्रेव्हे_२००
ब्रेव्हेचं गणित. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५च्या किंचित खाली. चालता वेग २० राखला तर चालवण्याचे तास दहा, उरलेले साडेतीन तास खाणं, शिक्के आणि पंक्चर. वेग वाढवायच्या नादाला लागू नका, थांबे आखडा.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा ४०-४० मिनिटं, हलक्या गिअरमध्ये, पेडलचे मिनिटाला ८० ते ९० फेरे. त्यानंतर आठवड्यातली एकच फेरी लांबवा: २५ किमी, ३०, ३५, मग एक आठवडा पुन्हा २५. पुढे ४२, ५०, ६०, मग ४०. पुढे ७०, ८२, ९५, मग ६०. शेवटी ११० आणि १३०, त्यानंतर एक हलका आठवडा आणि ब्रेव्हे. बाकी दोन दिवस तासाभराचेच राहू देत. आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही, जिथे थांबलात तिथूनच. अंधारासाठी पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट ठेवाच.

आणि ११-२८ची कॅसेट बदला. पुढे ३४ आणि मागे २८ दात, म्हणजे ३४/२८वर ८० फेऱ्यांना ताशी १२ किमी होतात. चढावर तेवढा वेग जमला नाही की फेरे ५०वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. ३४/३२वर त्याच फेऱ्यांना पावणेअकरा. ऐकायला किरकोळ, १५० किमीनंतर फार मोठा फरक.

पान्हा_नंबर_१५
थांबा, ३२ मागवण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) पाहा. ५८००मध्ये दोन आहेत. आखूड पिंजऱ्याच्या एसएसला मोठी चकती २८ दातांपर्यंतच, लांब पिंजऱ्याच्या जीएसला ३२. कोड डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. एसएस असेल तर डिरेलरही बदलावा लागेल. चेनही जुन्या लांबीवर कापू नका. डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळा, जिथे टोकं भेटतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा.

मुलुंड_पूर्व
इतक्या तपशिलाबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. आज तपासलं ते देतो. चेन १२ इंचांत १/१६च्या थोडी पुढे. डिरेलर जीएस. सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमची, फिरली. फ्रेमला कुठेही चीर नाही. टायरच्या भिंतीला चिरा आहेत. बार टेपखाली उजव्या लिव्हरच्या क्लँपशी तीन खड्डे, नख अडकतं. बुटांचा तळवा हातात सुटून आला. हेल्मेटही तेव्हाचंच. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे.

उरण_फाटा
हँडलबार गेला. क्लँपचा व्यास स्टेमशी जुळवून घ्या, बहुधा ३१.८ मिमी असेल. रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी. हेल्मेटही नवं घ्या, आतला फोम बाहेरून कळत नाही. बूट घ्याल तेव्हा क्लीटही (बुटाच्या तळाला लागणारी पेडलची पकड) नव्या घ्या.

पान्हा_नंबर_१५
म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, हीच सायकल दुरुस्त करा. टायर, ट्यूब, रिम टेप, केबल, ब्रेक रबर, चेन, ११-३२ कॅसेट, हँडलबार, टेप. पेडल काढून धाग्यांना ग्रीस लावा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.

घाट_आणि_घाम
फ्रेम चांगली निघाली हे वाचून आनंद झाला. माझी सूचना मागे घेतो. २८ बसतात का तेवढं कळवा.

मुलुंड_पूर्व
मागे ५ मिमी मोकळं, पुढे ब्रेकखाली जेमतेम २. म्हणून दोन्हीकडे २५. एक शंका: नवा हँडलबार बसवताना स्टेमचे चार बोल्ट किती आवळायचे?

पान्हा_नंबर_१५
स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर. टॉर्क पान्हा वापरा, नसेल तर दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. चारही बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, वरची आणि खालची फट सारखी ठेवत. फोर्क काढून तपासलात तर हेडसेटही (फोर्क ज्यावर फिरतो ती बेअरिंग) नव्याने बसवावा लागेल: आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल, मग वरच्या टोपीचा बोल्ट हलका आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, खटखट थांबली आणि हँडल मोकळं फिरलं की बाजूचे बोल्ट आवळा. पहिल्या ५० किमीनंतर केबल्स ताणून थोड्या सैल होतील आणि गिअर मध्येच अडखळतील. तेव्हा मागच्या डिरेलरचा बॅरल (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) अर्धा आटा बाहेर फिरवा, आणि स्टेमचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.